धोंडबाजींच्या राजदूतचा शटडाउन

यंत्रं दोन प्रकारची असतात, चालणारी आणि दुरुस्तीला काढलेली. पैकी चालणाऱ्या यंत्राकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पंखा फिरतोय तोवर त्याच्याखाली घोरणाऱ्या माणसाला पंखा आहे हेसुद्धा आठवत नाही. पण तोच पंखा खाली उतरवून चटईवर ठेवा, त्याची पाती सुटी करा, की घरातली चार आणि शेजारची दोन माणसं भोवती उकिडवी बसतात, चहा होतो, आणि ज्यानं आयुष्यात बेअरिंग पाहिलं नाही तोही बेअरिंगबद्दल बोलायला लागतो.

हे मी हवेत बोलत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यात सेफ्टी खात्यात माझी एकतीस वर्षं झाली (दोन उरली आहेत, तीही सेफच जावोत). सेक्टर 2 मध्ये माझ्या शेजारच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात एका जुन्या मोटारसायकलचं माफक खर्चात, घरच्या घरी जे पुनरुज्जीवन चाललं आहे, ते मी पहिल्या दिवसापासून भिंतीवरून पाहत आलो आहे. या विषयावर अधिकारवाणीनं बोलेल असा दुसरा माणूस दुर्ग जिल्ह्यात असेल असं मला वाटत नाही. कोणाला वाटत असेल तर त्यानं पुढे यावं.

मोटारसायकल म्हणजे राजदूत. मालक धोंडबाजी, वय एक्याऐंशी, कारखान्यातले रिटायर्ड क्रेन ऑपरेटर. दुरुस्ती करणारा त्यांचा थोरला मुलगा नागसेन, तोही कारखान्यात, मेकॅनिकल मेंटेनन्सला. ज्यांनी कारखान्यात नोकरी केलेली नाही अशा दुर्दैवी वाचकांसाठी सांगतो. कारखान्यात ऑपरेशन आणि मेंटेनन्स असे दोन पक्ष असतात. ऑपरेशनवाले मशीन चालवतात आणि ती बंद पडली की मेंटेनन्सच्या नावानं खडे फोडतात. मेंटेनन्सवाले मशीन दुरुस्त करतात आणि ती ऑपरेशनच्या धसमुसळेपणामुळे बंद पडली असं लेखी कळवतात. या दोन पक्षांचं कधीच पटत नाही, आणि पटलं तर आम्ही सेफ्टीवाले चौकशी लावतो, कारण दोघं मिळून काहीतरी लपवताहेत हे उघड असतं.

धोंडबाजींच्या घरात हे दोन्ही पक्ष एका छपराखाली होते. कुकरची शिट्टी वाजली नाही तरी त्यावर ऑपरेशनचं म्हणणं वेगळं आणि मेंटेनन्सचं वेगळं असायचं. नागसेनची बायको ललिता मला एकदा भिंतीवरून म्हणाली होती, "भाऊ, हे दोघं ऑपरेशन अन् मेंटेनन्स. प्रॉडक्शन करून राहिली ते मी एकटी."

आता मूळ प्रकरण. सात वर्षांपूर्वी धोंडबाजींच्या पत्नी मनकर्णाबाई वारल्या. धाकटा मुलगा सुगत नागपूरहून आला होता. सुगत मोठा कर्तबगार. नागपुरात फ्लॅट, फ्लॅटला लिफ्ट, दवाखाना पाच मिनिटांवर, बाबांसाठी वेगळी खोली, खोलीला वेगळा टीव्ही. घरच्या बैठकीत असं ठरलं की बाबांनी यापुढे नागपूरला राहावं. (बैठकीला मीही होतो. आमंत्रण नव्हतं, पण भिंत बुटकी आहे.) थोरल्या भावानं, म्हणजे नागसेननं, मान खाली घालून हो म्हटलं. धाकट्यानं एवढं केलं आहे, त्याला नाही कसं म्हणायचं?

धोंडबाजीही नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "येतो ना बाप्पा. कावून नाही येनार? पन मी माह्या गाडीवर येईन. दर साली दीक्षाभूमीले याच राजदूतवर गेलो मी अन् तुही माय. नागपूरले जाईन तं याच गाडीवर जाईन. गाडी चालू झाली का निघतो."

"चालवन कोन, बाबा?" सुगतनं विचारलं.

"नागसेन चालवन. मी मांगं बसतो."

भिलाई ते नागपूर हे अंतर, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस आणि पन्नाशीतला चालक, यांचा सेफ्टीच्या दृष्टीनं विचार केला तर मी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. पण गाडी त्या वेळी अंगणात ताडपत्रीखाली होती, तिच्या टाकीत गंजाशिवाय काही नव्हतं आणि सीटच्या फोममध्ये मुंग्यांची तिसरी पिढी शिकून कामाला लागली होती. त्यामुळे धोका तातडीचा नाही असं माझं मत पडलं. नागसेननं आठ दिवसांचा शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवायची मुदत, मागितला. धोंडबाजींनी तो दिला. सुगत निश्चिंत मनानं नागपूरला गेला.

त्या आठ दिवसांतला पहिला दिवस माझ्या आयुष्यातला एक अभिमानाचा दिवस आहे, कारण त्या दिवशी मी त्या गाडीच्या हँडलला टॅग लावून दिला. टॅग म्हणजे लाल पुठ्ठा. त्यावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'काम चालू आहे. गाडी चालू करू नये.' कारखान्यात टॅगचा नियम असा की ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्या कोणी, अगदी जनरल मॅनेजर आला तरी, टॅगला हात लावायचा नाही. या एका पुठ्ठ्यानं किती माणसांचे हातपाय शाबूत ठेवले आहेत याची तुम्हाला कल्पना नाही. गाडीवरचा टॅग नियमानं नागसेनच्या नावाचा होता, मी फक्त मार्गदर्शक.

आता माफक खर्चातल्या पुनरुज्जीवनाची पद्धत सांगतो, कारण बरेच लोक मला विचारतात. (कोणी विचारलेलं नाही, पण विचारायला हवं.)

खर्चाबद्दल पहिल्याच दिवशी ठरलं होतं की सगळं काम एका बोनसमध्ये बसवायचं. बोनस कोणत्या वर्षाचा, हे ठरवताना राहून गेलं. त्यामुळे दर वर्षी फक्त एकच बोनस लागतो, आणि काम आजही मंजूर खर्चाच्या आत आहे.

टाकीतला गंज काढायला बाजारात रसायन मिळतं, पण ते माफक नव्हे. घरगुती पद्धतीत टाकीत चिंचेचं पाणी आणि मूठभर बारीक गिट्टी टाकतात आणि टाकी हलवतात. किती वेळ? तर गंज निघेपर्यंत. पहिले काही दिवस नागसेननं हलवली. मग त्याचा खांदा धरला. मग आमच्या गल्लीत ज्याला डॉक्टरनं व्यायाम सांगितला होता तो प्रत्येक जण सकाळी येऊन पंधरा मिनिटं टाकी हलवून जाऊ लागला. माझ्या पाहणीनुसार त्या हिवाळ्यात गल्लीतल्या साठ टक्के लोकांचं वजन उतरलं, चाळीस टक्के लोकांचं ललिताच्या चहापोह्यांमुळे वाढलं, आणि चिंच महाग झाली.

कार्बोरेटर जुन्या टूथब्रशनं साफ करतात. ब्रश जुनाच हवा. जुना ब्रश नसेल तर घरातल्या कोणाचा तरी नवा ब्रश आधी जुना होऊ द्यावा लागतो, आणि यात सहा महिने जातात.

पण सगळ्यात मोठा प्रश्न रंगाचा. गाडी मुळात लाल. कोणता लाल? नागसेननं पॉवर हाऊसच्या बाजारातून रंगाचं कार्ड आणलं, त्यात लालच्या पंधरा तऱ्हा होत्या. धोंडबाजींनी चष्मा लावून सगळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "यातला एकबी नाही."

"मंग कसा होता बाबा?"

"आपला होता ना, तो."

या वर्णनावरून गाडी तीनदा रंगवण्यात आली. पहिला रंग 'सिलिंडरच्या गाडीसारखा' निघाला, दुसरा 'कुंकवावानी', आणि तिसरा धोंडबाजींनी बराच वेळ पाहून, सुस्कारा टाकून मंजूर केला, म्हणजे नाइलाजानं.

असं करत करत आठ दिवसांचा शटडाउन पुढे सरकत गेला. इथे भाषेचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आम्ही दुर्गचे जुने मराठी. आमच्या घरात 'करतो आहे' म्हणतात. 'करतो आहे' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कधी होणार? नागसेनच्या घरात विदर्भाची बोली. सुगतचा फोन यायचा, दोन-तीन महिन्यांतून एकदा, "भैया, गाडीचं काय?" आणि नागसेन म्हणायचा, "करून राहिलो ना." बस. या उत्तरात काम करणं आहे, राहणंही आहे, आणि संपण्याचं नाव नाही. सुगत त्याच घरात वाढलेला, त्याच्याही तोंडात तीच बोली, म्हणून त्यालाही पुढे विचारता यायचं नाही. सरकारी खात्यांनी या क्रियापदाची अजून दखल कशी घेतली नाही याचं मला नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र सेफ्टीवाला म्हणून माझ्या नजरेत भरली होती. या सात वर्षांत गाडी पूर्ण जोडून 'उद्या चालू करायची' या अवस्थेला किमान पाच वेळा आली. त्यातल्या तीन वेळा ऐन वेळी मेंटेनन्सनं माघार घेतली. एकदा क्लच प्लेट बदलायची आठवली, एकदा चाकाच्या तारा ढिल्या वाटल्या, एकदा तर नागसेन नुसता गाडीकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "मनासारखं नाही वाटून राहिलं." उरलेल्या दोन वेळा ऑपरेशननं ताबा घ्यायला नकार दिला. हॉर्न ओरिजिनल नाही, असं धोंडबाजी म्हणाले. (हॉर्न ओरिजिनलच होता. त्यांनीच तो पंचवीस वर्षं वाजवला होता.) ऑपरेशन लवकर द्या म्हणत नाही आणि मेंटेनन्स लवकर घ्या म्हणत नाही, असं कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं. मी हे मनात ठेवलं. शेजारधर्म म्हणून काही बोललो नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी सुगत न कळवता आला. नागसेन सकाळच्या पाळीला गेला होता. धोंडबाजी जेवून लवंडले होते. सुगत मागच्या अंगणात गेला, ताडपत्री उचलली आणि पाहतच राहिला. गाडी पूर्ण जोडलेली. चकचकीत. लाल (तिसरा).

"वहिनी," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "ही तं रेडी हाय! फक्त प्लग नाही अन् पेट्रोलची नळी नाही!"

ललिता कणीक मळत होती. कणीक मळण्याचा आवाज थांबला, एवढं मला ऐकू आलं.

सुगत कामाचा माणूस. रिक्षा करून पॉवर हाऊसला गेला, प्लग आणला, हातभर नळी आणली, बाटलीत पेट्रोल आणलं, त्यात मापानं ऑइल घातलं. प्लग बसवला, नळी जोडली. मी भिंतीवरून म्हटलं, "सुगत, टॅग आहे." तो म्हणाला, "दोन मिनिट, काका." दोन किका फुकट गेल्या. तिसऱ्या किकला राजदूत खोकली, गुरगुरली आणि चालू झाली.

असा आवाज, बाप रे! गल्लीतली दारं उघडली. निळा धूर माझ्या तुळशीपर्यंत आला. ज्यांनी ज्यांनी टाकी हलवली होती ते सगळे आपापल्या अंगणातून बाहेर आले. सुगतनं ॲक्सिलरेटर पिळला आणि इतका हसला की सात वर्षांचा पोरगा वाटला. "बाबा! उठा! झाली चालू! अर्ध्या घंट्याचं काम होतं!"

धोंडबाजी दारात आले. त्याच वेळी समोरून पाळी संपवून नागसेन आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. ललिता कणकेच्या हातानं बाहेर आली. मी सेफ्टीत एकतीस वर्षं काढली आहेत, अपघात झाल्यावर माणसांचे चेहरे कसे होतात हे मला पाठ आहे. त्या तिघांचे चेहरे तसे झाले होते. मशीन चालू झाली म्हणून कोणाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सुगतनं गाडी बंद केली. "आता बोला बाबा. गाडी चालू झाली का निघतो म्हने ना? एवढ्या दूर हिच्यावर काई बसायचं नाही तुमाले. हिले मी ट्रान्सपोर्टनं पाठवतो. तुमी माह्यासंगं उद्या ट्रेननं चला. खोली सात साल झाले तुमची वाट पाहून राहिली."

नागसेननं हेल्मेट काढलं आणि पुन्हा घातलं. धोंडबाजी काठी टेकत गाडीजवळ गेले. सीटवरून हात फिरवला. मग त्यांची नजर हँडलवर गेली आणि त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

"टॅग काढला का कोनी?"

"कोनता टॅग?" सुगत म्हणाला. "हा? हा तं हायच ना."

"टॅग हाय, अन् तुनं गाडी चालू केली?" धोंडबाजींचा आवाज चढला. क्रेनच्या केबिनमधून खालच्या माणसांना हाकारणारा आवाज तो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "टॅग लागलेली मशीन चालू केली तं ते चालू धरत नाहीत बापू. दीनानाथभाऊ! तुमी सेफ्टीचे. तुमी सांगा. टॅग असताना चालवलेली गाडी चालू धराची का नाही?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगतो, मी पेचात पडलो. गाडी चालू झाली होती. मी डोळ्यांनी पाहिली होती, धूर माझ्या नाकात होता. आजवर मी कोणाचं तोंड बघून निवाडा दिलेला नाही.

मी काही बोलायच्या आत ललिता बोलली. इतकी वर्षं तिला मी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"सुगतभाऊजी, ही गाडी चार साल आधीच चालू झाली असती. मी पाह्यते ना रोज. हे ड्यूटीवर जाताना प्लग काढून डब्यात लपवतात. हे गेले का बाबा येतात अन् नळी काढून उशीखाली ठेवतात. दोघाइले एकमेकाचं मालूम नाही. बाबाले जायचं नाही, अन् याइले बाबाले जाऊ द्यायचं नाही. तोंडानं कोनीच म्हनत नाही. मेले दोघं गाडीच खोलून बसतात!"

मग ती रडायलाच लागली आणि कणकेचा हात डोळ्यांना लागून आणखी रडली.

बापलेक एकमेकांकडे वळले.

"नळी तुमी काढत होते बाबा?"

"अन् प्लग तू? मले वाटलं चोर येते."

कोणीतरी हसलं. बहुतेक मीच. मग मी भिंतीवरून पलीकडे उतरलो (गुडघा धरून, सावकाश, नियमाप्रमाणे) आणि टॅग हातात घेऊन वाचला. निवाडा मी उभ्यानं दिला. टॅग असताना, टॅगधारकाच्या गैरहजेरीत आणि परवानगीशिवाय चालू केलेली मशीन ही चालू झालेली नाही. उलट अशा मशीनला आतून इजा झालेली असू शकते, सबब ती पूर्ण खोलून तपासावी. मुदत, समाधान होईपर्यंत. अपील नाही.

नागसेन तिथेच खाली बसला आणि पाना मागायला लागला. ललितानं तो कणकेच्या हातानंच दिला.

सुगत पायरीवर बसून राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. तोही काही परका नव्हता. बाप हवा म्हणून तर आला होता. "माह्याकडं काय कमी हाय बाबा?" तो म्हणाला. "लिफ्ट हाय, डॉक्टर हाय. मी काय वाईट पाहीन का तुमाले?"

धोंडबाजी त्याच्याशेजारी बसले. "तू बेस पाह्यशीन रे. लिफ्टबी बेस असन. पन तू जाशीन हापिसात, सूनबाई जाईन हापिसात. लिफ्टनं खाली उतरून मी कोनासंगं भांडू?"

इंजिनाचे नट सुटायला लागले तसा सुगत हळूहळू जवळ सरकला. चहा झाला. शेवटी त्यानं विचारलं, "नागपुरातून काही पार्ट पायजे का?" धोंडबाजींनी डोळे मिटून विचार केला आणि टूलबॉक्सच्या झाकणाची एक ओरिजिनल कडी सांगितली. ती कडी नागपुरात मिळत नाही. कुठेच मिळत नाही. मी चौकशी केली आहे. पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदा फोन करणारा सुगत आता दर रविवारी फोन करतो, अर्धा अर्धा तास बोलतो, आणि धोंडबाजी त्याला त्या कडीचं वर्णन करून सांगतात, दर वेळी थोडं वेगळं. प्रकरण समाधानकारकरीत्या प्रलंबित आहे.

आता वाचकांकडे वळतो. तुम्ही या लोकांना हसलात, ते योग्यच आहे. तुमच्याकडे असा ढिसाळ कारभार नाही. तुम्ही वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर उरकलंत, त्यांची पेन्शन मोबाइलवर आणून दिलीत, औषधं महिन्याच्या महिन्याला आपोआप घरी येतील अशी सोय केलीत, रिचार्ज एकदम वर्षाचा मारलात. एकही काम बाकी ठेवलं नाहीत. सेफ्टीच्या भाषेत याला शून्य प्रलंबित म्हणतात, आणि असं घर माझ्या पाहण्यात विरळा. आज त्यांना एक फोन करा आणि विचारा, काही काम आहे का? ते म्हणतील, नाही रे, सगळं झालंय. मग थोडा वेळ दोघंही काही बोलणार नाहीत, आणि फोन त्यांनाच ठेवावा लागेल.